पाणी शिरलंच नव्हतं

फोनच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत सरळ हिरवी रेघ उमटली. रात्री झोपताना अपडेट लावलं होतं, सकाळी डबे भरताना फोन हातात घेतला तर रेघ हजर. फोन पडला नव्हता, भिजला नव्हता, त्याच्यावर कुणी बसलंही नव्हतं. कॉल लागत होते, कॅमेरा चालत होता, फक्त प्रत्येक फोटोला आणि प्रत्येक मेसेजला मधून चीर. पंधरवड्यात शेजारी दुसरी रेघ आली, फिकट गुलाबी. दिवाळीच्या सेलमध्ये ३८,९९९ रुपयांना घेतलेला फोन, आणि वॉरंटी संपून जेमतेम दीड महिना झालेला.

मी एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात काम करते, फोर्टला. लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिणं हाच माझा धंदा. त्यामुळे या प्रकरणात मला एक गंमत अनुभवायला मिळाली: समोरून येणारं प्रत्येक पत्र वाचताना ते कुठल्या साच्यातून निघालंय आणि त्यानंतर कुठलं येणार, हे आधीच कळायचं. अगदी पहिल्या भेटीपासून जाणवत होतं की ही मंडळी माझ्या फोनबद्दल बोलतच नाहीयेत. त्यांचा सगळा आटापिटा एकाच गोष्टीसाठी चालला होता. रेघ ‘माझ्या फोनला’ आली असं कागदावर राहावं, ‘त्यांच्या मॉडेलला’ येते असं कुठेही येऊ नये.

ज्या साइटवरून फोन घेतला तिने तर लगेच हात वर केले. परत करायची मुदत दहा दिवसांची होती, आता कंपनीकडे जा. मग अंधेरीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. टोकन, गारेगार एसी, भिंतीवर जाहिरात: हाच फोन स्विमिंग पूलमध्ये, वर पाण्याचे शिंतोडे, कोपऱ्यात ठसठशीत ‘आयपी ६८’, म्हणजे पाणी आणि धूळ रोखण्याचा दर्जा. काउंटरवरचा मुलगा अदबशीर. फोन घेतला, आत गेला, वीसेक मिनिटांनी टॅब घेऊन बाहेर आला. टॅबवर एक फोटो, खूप मोठा केलेला, त्यात गुलाबी ठिपका.

“मॅम, लिक्विड डॅमेज आहे.”

“पाणी कधी लागलं?”

“पावसाळ्यात गेलं असेल मॅम. मुंबईत होतं असं.”

जानेवारी चालू होता. पावसाळ्यात शिरलेलं पाणी आत चार महिने दबा धरून बसलं आणि नेमकं अपडेटच्या रात्री बाहेर पडलं, असा त्याचा अर्थ.

मी त्याला सिमचा ट्रे काढायला लावला. बऱ्याच फोनमध्ये त्या खाचेच्या आत एक बारकं पांढरं स्टिकर असतं, पाण्याचा स्पर्श झाला की ते लाल होतं. त्याच्याच टॉर्चने पाहिलं. पांढरं शुभ्र. “आतलं वेगळं असतं मॅम,” तो म्हणाला. मग आतलं दाखव म्हटलं, तर ग्राहकाला आत न्यायची परवानगी नाही. टॅबवरचा फोटो माझ्याच फोनचा आहे कशावरून? फोटोत ना आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), ना तारीख. यावर तो काही बोलला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. नुसता ठिपका कुणाच्याही फोनचा असू शकतो.

खरी मेख जॉबशीटमध्ये होती. पडदा बदलायचं एस्टिमेट १३,८५० रुपये, आणि तपासणीच्या रकान्यात आधीच छापलेलं: पाण्यामुळे नुकसान झाल्याच्या खुणा आढळल्या, ग्राहकास मान्य. खाली माझी सही हवी. शेवटी आणखी एक ओळ, मुंगीएवढ्या अक्षरात: बदललेला जुना पार्ट कंपनीच्या मालकीचा राहील. बहुतेक लोक इथे सही करतात, कारण मागे टोकन घेतलेले लोक उभे असतात आणि सही केल्याशिवाय फोनही परत मिळत नाही. मीही केली. पण सहीच्या वर पेनने मराठीत लिहिलं: ‘पाण्याचा निष्कर्ष मान्य नाही. सिम ट्रेमधील स्टिकर पांढरे आहे. दुरुस्ती नको, फोन परत घेत आहे.’ तो म्हणाला, सिस्टिममध्ये हे चढणार नाही. म्हटलं, नको चढू दे, या कागदाची झेरॉक्स दे. झेरॉक्स मशिन बंद होतं. मग त्याच्या समोरच त्याच कागदाचे फोटो काढले, रेघ आलेल्या त्याच फोनने.

ऑफिसातून लॅमिंग्टन रोड जवळच. तिथे वर्षानुवर्षं आमच्या ऑफिसचे प्रिंटर आणि लोकांचे फोन बघणारे एक कारागीर आहेत, जिन्याखालचं दुकान, बसायला एकच स्टूल. फोन उघडायचा नाही हे आधीच सांगितलं, कारण बाहेर उघडलेला फोन म्हटलं की कंपनीला आयतं कोलीत. ते हसले. ड्रॉवरमधून त्याच मॉडेलचा एक मेलेला पडदा काढला आणि भिंगाच्या दिव्याखाली धरला. पडद्याच्या खालच्या कडेला कॅमेऱ्याच्या फिल्मसारखी पातळ पट्टी चिकटवलेली होती. चिमट्याचं टोक त्यांनी त्या जोडावर ठेवलं. पडद्यातल्या प्रत्येक उभ्या ओळीला सिग्नल देणारी वेगळी बारीक तार असते, आणि त्या सगळ्या तारा या जोडावर येऊन मिळतात. इथलं बाँडिंग एका केसाएवढं जरी सुटलं तरी त्या ओळीला सिग्नल मिळत नाही आणि वरपासून खालपर्यंत ती एकाच रंगात पेटून राहते. “तुमचा द्या इकडे.” माझ्या फोनची खालची कड त्यांनी अंगठ्याने हलकेच दाबली. गुलाबी रेघ गेली. अंगठा उचलला, आली. पुन्हा दाबलं, गेली.

“पाण्याने असं नाय होत मॅडम. पाणी गेलं तर डाग पसरतो, टच वेडा होतो. ही सरळ रेघ आहे. आणि या मॉडेलचे येतच असतात माझ्याकडे.”

एवढं लेखी द्याल का, विचारलं. त्यांनी मान हलवली. “पार्ट त्यांच्याच डिस्ट्रिब्युटरकडून येतात हो.”

अपडेटमुळे रेघ येते का, हेही विचारलं. त्यांचं म्हणणं, अपडेट चालू असताना फोन तापतो, आणि आधीच कच्चा असलेला जोड तापला की सुटतो. मला हे पटलं, पण पटणं आणि सिद्ध करणं यांत फरक असतो, तो माझ्याइतका कुणाला ठाऊक?

रेघेच्या या दुखण्यात भारतात एका कंपनीने निराळी वाट धरली, तेही सांगायला हवं. हिरव्या रेघांच्या तक्रारी वाढल्यावर वनप्लसने २०२३मध्ये आपल्या काही जुन्या मॉडेलना पडद्याची आजीवन वॉरंटी दिली, आणि पुढच्या वर्षी ती योजना आणखी वाढवली. माझा फोन त्यांचा नाही. पण एका कंपनीने असं जाहीर केलं की दुसऱ्यांचं ‘असं कधी होतच नाही’ हे पालुपद जरा बेसूर वाटायला लागतं. ईमेलमध्ये मी हा दाखला दिला. उत्तरात त्याला कुणी हातसुद्धा लावला नाही.

ग्राहकालाच दोष देण्याची रीत काही आजची नाही. २०१०मध्ये आयफोन ४ विशिष्ट तऱ्हेने धरला की नेटवर्कच्या कांड्या गळायच्या. अँटेना बाहेरच्या धातूच्या पट्टीत होती, आणि तळहात नेमका तिच्या फटीवर यायचा. एका ग्राहकाने विचारल्यावर खुद्द स्टीव्ह जॉब्स यांचं उत्तर आलं, तसा धरू नका. मग जुलैच्या सुरुवातीला कंपनी म्हणाली, कांड्या दाखवायचं आमचं गणितच चुकीचं होतं. १६ जुलैला पत्रकार परिषद झाली, आणि जॉब्स यांनी तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.५५ टक्के असल्याचं सांगून सगळ्यांना फुकट कव्हर देऊ केलं. आधी हात चुकला, मग गणित चुकलं, मग तक्रारी थोड्याच आहेत पण हे घ्या कव्हर. आमच्या ऑफिसात नव्या मुलांना शिकवायला इतका सुबक नमुना मिळायचा नाही.

पाण्याच्या बाबतीत तर इटलीचा निकाल मी छापूनच घेतला होता. नोव्हेंबर २०२०मध्ये तिथल्या स्पर्धा नियामकाने ॲपलला एक कोटी युरोंचा दंड केला. एकीकडे फोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात, दुसरीकडे पाण्याने बिघडला तर वॉरंटी नाही अशी अट, हे एकत्र चालणार नाही असं त्याचं सार. ऑस्ट्रेलियात २०२२मध्ये सॅमसंगला पाण्यातल्या जाहिरातींवरूनच १ कोटी ४० लाख डॉलर, म्हणजे तिथले डॉलर, भरावे लागले. आपल्याकडे मात्र अंधेरीच्या काउंटरवर ती स्विमिंग पूलची जाहिरात आणि ‘लिक्विड डॅमेज’चं जॉबशीट एकमेकांपासून चार फुटांवर सुखाने नांदतात.

ईमेलची उत्तरं ठरल्या क्रमाने आली. पहिलं: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, जवळच्या सर्व्हिस सेंटरला भेट द्या. दुसरं: तांत्रिक विभागाने तपासणी केली असून बाह्य कारणाने नुकसान झाल्याचे आढळले. (फोन माझ्या पर्समध्ये होता, तांत्रिक विभागाने काय तपासलं देव जाणे.) तिसरं: विशेष बाब म्हणून पडद्यावर २५ टक्के सूट. मी नाही म्हटल्यावर ५० टक्के. हे चौथं पत्र आलं तेव्हा मी मनातल्या मनात पाचवं लिहून काढलं. ज्याच्यात पाणी शिरलं त्याला कुणी अर्ध्या किमतीत पडदा देत नसतं.

या काळात दोघा-तिघांनी सल्ला दिला की ५० टक्के घे आणि मोकळी हो. माझ्या धाकट्या नणंदेने तर तेवढीही वाट पाहिली नव्हती. ती भांडुपला राहते. आम्ही दोघींनी एकाच सेलमध्ये एकच मॉडेल घेतलं होतं, तिचं निळं, माझं काळं. तिच्या फोनला रेघ माझ्या आधी आली होती, आणि तिने गुपचूप १३,८५० भरून पडदा बदलून घेतला होता. जॉबशीटवर सही, ‘ग्राहकास मान्य’सकट. मला हे कळलं ते माझं प्रकरण निम्म्यावर आल्यावर. “वहिनी, मुलांच्या ऑनलाइन क्लासचा फोन तो, किती दिवस भांडत बसू?” तिचंही बरोबरच होतं.

मी रेघेसकट फोन वापरत राहिले ते हट्टाने नाही. विलेपार्ल्याला मुंबई ग्राहक पंचायत आहे, १९७५पासून ग्राहकांची बाजू लावून धरणारी संस्था. तिथे कागद दाखवायला गेले तेव्हा पहिली सूचना हीच मिळाली: दुरुस्त करू नका. बिघडलेला फोन हाच पुरावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सोय आहे की दोष चाचणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर ग्राहक आयोग, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणारी यंत्रणा, वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण त्यासाठी वस्तू हातात हवी. पडदा बदलला की जुना पार्ट कंपनीचा, आणि प्रयोगशाळेत पाठवायला उरतो तो नवाकोरा निर्दोष पडदा. त्या मुंगीएवढ्या ओळीचा खरा उपयोग तेव्हा माझ्या डोक्यात शिरला.

तिथेच आणखी दोन गोष्टी पक्क्या कळल्या. वॉरंटी संपली म्हणजे उत्पादनातल्या दोषाची तक्रार संपली असं नाही, आयोगाकडे जायला कारण घडल्यापासून दोन वर्षं असतात. आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मी गोरेगावची, म्हणजे वांद्रे पूर्वेला चेतना कॉलेजजवळच्या प्रशासकीय इमारतीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य.

त्याआधी फोन लावला तो १९१५ या नंबरवर. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन मराठीतही बोलते, हे फार लोकांना माहीत नसतं. त्यांना हुकूम सोडायचा अधिकार नाही, ते तक्रार नोंदवून डॉकेट नंबर देतात आणि कंपनीकडे पाठवतात. ऐकायला हे फुसकं वाटतं. प्रत्यक्षात कंपनीच्या आत फाइलचं टेबल बदलतं. आमच्याकडेही नियामकाच्या पोर्टलवरून आलेली तक्रार वेगळ्या माणसाकडे जाते, जो रोज वरिष्ठांना हिशेब देतो. सोबत मी जीपीओतून स्पीड पोस्टने कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर दोन पानी पत्र टाकलं. त्यात राग काढला नाही, तीनच प्रश्न विचारले. गुलाबी ठिपक्याचा फोटो कुठल्या आयएमईआयचा? पाण्याचा दोष असेल तर ५० टक्के सूट कुठल्या धोरणाखाली? आणि या मॉडेलचे किती पडदे याच रेघेसाठी बदलले?

काही दिवसांनी फोन आला. बाई मराठी होत्या, आवाज मऊ, पद मोठं. “मॅडम, आम्ही तुमच्यासाठी एकदाच, गुडविल म्हणून, पडदा पूर्ण मोफत बदलून देतोय.” तिसऱ्या प्रश्नाचं काय, विचारलं. “ती माहिती अंतर्गत असते हो.” पहिल्याचं? “सर्व्हिस सेंटरकडून चौकशी करतो.” त्या बाईंवर मला राग आला नाही. मी स्वतः असे फोन केलेत.

मसुदा ईमेलने आला. तीन कलमं. कंपनी कुठलाही दोष मान्य न करता सद्भावनेने हे करत आहे. ग्राहकाची तक्रार पूर्ण आणि अंतिमरीत्या मिटली. आणि ग्राहक या तडजोडीची माहिती तिसऱ्या कुणाला देणार नाही. पहिली दोन मला मंजूर होती, ती आम्हीही लिहून घेतो. तिसरं मी खोडलं. शिवाय एक अट घातली की जुनं जॉबशीट रद्द करून नव्यावर बिघाड म्हणून ‘पडद्यावर रेघ’ असंच यायला हवं, पाण्याचा उल्लेख नको. इथे मात्र पुष्कळ चालढकल झाली. चौदा हजारांच्या आतलं काम ते फुकट द्यायला तयार होते, पण दोन शब्द बदलायला त्यांना कायदा विभागाची परवानगी लागत होती. वांद्र्याला तक्रार टाकायचा मसुदा तयार आहे, असं मी कळवल्यावर ती मिळाली.

पडदा बदलला. त्याच मुलाने, त्याच काउंटरवर. नव्या पार्टवर तीन महिन्यांची वॉरंटी. जॉबशीटवर ‘डिस्प्ले लाइन, पॅनल बदलले’. जुना पॅनल मागितला, दिला नाही, पण त्याचा सीरियल नंबर मी जॉबशीटवर लिहून घेतला.

एक प्रश्न मला अजून सतावतो. गॅलॅक्सी नोट ७च्या बॅटऱ्या पेटायला लागल्या तेव्हा, २०१६मध्ये, सॅमसंगला तो अख्खा फोनच बाजारातून मागे घ्यावा लागला, विमानात त्याचं नाव घेऊन सूचना व्हायच्या. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला माल परत मागवायचा आदेश देता येतो, पण तो धोकादायक, घातक किंवा असुरक्षित मालासाठी. रेघेने कुणी भाजत नाही. त्यामुळे हजारो पडद्यांना एकच दुखणं असलं तरी ते हजार वेगवेगळ्या ग्राहकांचं खासगी दुखणं म्हणूनच मोजलं जातं, आणि त्यातले जे शेवटपर्यंत टिकतात त्यांना गुडविल मिळतं. एकाच दोषाच्या ग्राहकांनी आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करायची तरतूद कायद्यात आहे. पण ती माणसं एकमेकांना सापडायची कुठे? यादी कंपनीकडे, आणि ती अंतर्गत.

मला सापडली ती एकच, घरातली. नणंदेने पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं, तुम्ही पाण्याचं नुकसान सही करून मान्य केलंय. तिची तक्रार आम्ही ई-जागृति पोर्टलवर भरली, २०२५पासून ग्राहक आयोगांचं ऑनलाइन काम तिथूनच चालतं. भांडुपही उपनगर जिल्ह्यात, म्हणून तिचंही वांद्रेच. तिच्या जुन्या पडद्याचं काय झालं याची नोंद मागितली. कंपनीच्या लेखी उत्तरात आहे की धोरणानुसार तो भंगारात काढला. सोबत मी माझं नवं जॉबशीट जोडलं: तेच मॉडेल, तोच सेल, तीच रेघ, पाण्याचा उल्लेख नाही. तिसरं कलम खोडलं होतं ते याचसाठी.

कंपनीच्या वकिलांनी त्यावर हरकत घेतली आहे. तो वेगळ्या ग्राहकाचा वेगळा फोन आहे, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे.